चिलीम, हुक्का आणि आमची बैठक

मला चिलमी आणि हुक्के जमवण्याचा शौक आहे. हे सांगितलं की तीन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कॉलेजचे मित्र डोळा मारून विचारतात, ‘गांजा का रे?’ मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, ‘मियाँ, नमाजी आदमी होके ये क्या शौक लगा लिए?’ आणि डॉक्टर असलेला एक दोस्त काहीच बोलत नाही, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या शौकाबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

आमचं गाव अंबाजोगाई. निजामाच्या काळात कागदोपत्री त्याचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. हैदराबादी चालीरीती गावात आल्या, त्यात हुक्काही होता. पण तो हवेलीवाल्यांचा. बाकीच्यांची चिलीम. आमच्या दादांकडे दोन्ही होतं. शेतावर जाताना चंचीत चिलीम आणि घरी ओसरीवर पितळेचा फर्शी हुक्का. असरची नमाज झाली की दादा ओसरीवर बसायचे आणि मगरीबच्या अजानपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

चिलीम कशी निवडावी हे मी दादांकडून शिकलो. आठवडी बाजारात कुंभाराकडं मातीच्या चिलमींचा ढीग असायचा. दादा त्यातल्या आठ-दहा उचलायचे आणि एकच ठेवायचे. आधी नखानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर भाजणी नीट झाली, भद्द वाजली तर कुठंतरी बारीक चीर आहे. मग डोळ्याला लावून उजेडाकडं बघायचं, आतलं भोक सरळ हवं. भिंत सगळीकडं सारखी जाड हवी, नाहीतर एका बाजूनं चटका बसतो. शेवटी मुठीत धरून बघायची. चिलीम मुठीत बसली पाहिजे, कारण ती तोंडाला लावायची नसते, मुठीतून ओढायची असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

चिलीम आणली की तिच्यासाठी खडा शोधायचा. तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत एक गोल खडा टाकतात. तो असा हवा की अडकला पाहिजे पण धूर अडवता कामा नये. दादा नदीच्या वाळूत बसून खडे निवडायचे. मग छापी, म्हणजे चिलमीच्या खालच्या टोकाला गुंडाळायचं ओलं फडकं. त्यानं धूर थोडा गार होतो आणि राख तोंडात येत नाही. विस्तव गोवरीचा किंवा बाभळीच्या कोळशाचा. तंबाखू दाबून भरली तर दम लागत नाही, सैल भरली तर भुरकन जळून जाते.

हुक्क्याचं प्रकरण याहून मोठं. खाली पाण्याचं भांडं म्हणजे फर्शी, त्यावर नेचा, वर चिलीम, चिलमीवर तवा आणि सरपोश, बाजूला लांब सटक आणि तिच्या टोकाला मोहनाल. सहा-सात जिनसा आणि प्रत्येकीचा कारागीर वेगळा. तंबाखूचेही दोन भाग, कडवी आणि खमिरा. कडवी म्हणजे साधी, उग्र. खमिऱ्यात गूळ, फळांचा गर, मसाले घालून तो मुरवत ठेवायचा. आमच्या घरी गुळाची काकवी घालून तंबाखू कालवली जायची. ती दादी कालवायच्या. दादांना त्यातलं प्रमाण कधी जमलं नाही, असं दादीच सांगायच्या.

पुण्यातल्या एका स्नेह्यांना ब्रायरचे पाइप जमवायचा नाद आहे. मराठी माणसाला पाइप म्हटलं की बाळासाहेब ठाकरेंचा हात आठवतो, तसा पाइप. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी येणारी गाठ. ती आगीला दाद देत नाही. त्यांच्याकडं तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या पांढऱ्या दगडाचा, मीरशॉमचा पाइप आहे. तो वापरून वापरून मधाच्या रंगाचा झालाय. लाटाकिया नावाची तंबाखूही दाखवली. सीरियातल्या बंदराच्या नावाची, लाकडाच्या धुरात वाळवलेली. डबा उघडला की चुलीचा वास येतो. त्यांनी पाइप निवडण्याचे नियम सांगितले. भोक सरळ हवं, भिंत सारखी हवी, हातात बसला पाहिजे, भरताना फार दाबू नये, ओढताना घाई करू नये. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या दादांचंच सगळं. फरक एवढाच की पाइप एकट्याचा असतो. तो कुणी दुसऱ्याला देत नाही.

माझ्या संग्रहातली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे बिदरी कामाची एक फर्शी. भंगाराच्या दुकानात ती किलोच्या भावानं पडून होती, काळी आणि मळलेली. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतकाम करायचं, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या जागी चांदी ठोकून बसवायची. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावायचा, की जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच चमकत राहते. बिदरी हुक्के आज हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. बिदर तर आमच्या शेजारचं. दख्खनची ही कारागिरी जगानं काचेत ठेवली आणि आपण भंगारात घातली.

तंबाखू मुळात अमेरिकेतली. ती पोर्तुगिजांच्या जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये आधी रुजली. अकबराचा वकील असद बेग बिजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या दरबारात गेला, तेव्हा त्यानं ही वस्तू पहिल्यांदा बघितली. 1604च्या सुमारास त्यानं रत्नजडित चिलीम, यमनी अकीकची मोहनाल आणि उत्तम तंबाखू असा सरंजाम तबकात मांडून बादशहापुढं ठेवला. मिर्झा अजीज कोका म्हणाला, ही मक्का-मदिनेतही माहीत आहे आणि दवा म्हणून आणली आहे. अकबरानं एक-दोन झुरके घेतले. हकीम आडवा आला, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही म्हणाला. असद बेगनं उत्तर दिलं की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. अकबरानं पुढं नाद लावून घेतला नाही, पण अमीर-उमरावांनी मागून मागून नेली. जहांगीरनं 1617 साली बंदी घातली, कुणी मानली नाही.

दीन काय म्हणतो, हा वाद तेव्हापासूनचाच. उस्मानी सुलतान चौथा मुराद यानं 1633 साली तंबाखूवर बंदी आणली आणि ओढणाऱ्यांना मृत्युदंड दिले. त्याच शतकात, 1682 साली, दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलसी या सूफी आलिमानं तंबाखू मुबाह आहे, असं सांगणारा आख्खा ग्रंथ लिहिला. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, या हदीसच्या आधारे काहींनी वासामुळं मकरूह ठरवली. आज वैद्यकशास्त्रानं नुकसान सिद्ध केल्यावर अनेक उलेमा सरळ हराम म्हणतात. जिवाला अपाय करू नका, हा कुराणाचा हुकूम त्यांच्या बाजूनं आहे. मला हे पटतं. नाबुलसींच्या हातात आजचे रिपोर्ट नव्हते.

मग हा शौक कशासाठी? त्यासाठी मुठीच्या मुद्द्याकडं यावं लागेल.

चिलीम मुठीतून ओढतात, कारण ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. ओठ लागत नाहीत, म्हणून ‘बाटत’ नाही. हुक्क्याला पाहुणा स्वतःची मोहनाल लावायचा, तेही त्याचसाठी. ही सोय म्हणजे उदारपणा आणि शिवाशीव यांची एकत्र बांधलेली मोट होती. गावात कुणाच्या हातची चिलीम कोण घेतो, त्यावरून कोण कुणाच्यात आहे हे कळायचं. कुणाला वाळीत टाकलं तर हुक्का-पाणी बंद म्हणायचे. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर या फेऱ्यात जागाच नव्हती. त्याची चिलीम वेगळी, बसायची जागा वेगळी. जुन्या बैठकांच्या आठवणी सांगताना आपण हे गाळतो, ते गाळू नये.

पण त्याच चिलमीनं भिंतीला भोकंही पाडली. शिर्डीच्या साईबाबांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त धूपखेड्याच्या चांद पाटलांची गोष्ट आहे. घोडी हरवलेली, खांद्यावर खोगीर घेतलेला हा मुसलमान पाटील रस्त्यानं चाललाय. आंब्याखाली बसलेला फकीर त्याला हाक मारतो आणि चिलीम ओढून जा म्हणतो. विस्तव नाही, छापी भिजवायला पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सोटा आपटून पाणी काढतो. लोक यात चमत्कार बघतात. मला त्यातली छापी दिसते. चिलमीला काय काय लागतं हे ठाऊक असलेल्यांनी सांगितलेली ही गोष्ट आहे. पुढं शिर्डीच्या मशिदीत बाबांची चिलीम हिंदू-मुसलमान भक्तांच्या हातातून फिरत राहिली, 1918 साली बाबा जाईपर्यंत.

आमच्या घरातही अशी एक गोष्ट आहे. ती दादी सांगायच्या, दादा कधीच बोलले नाहीत. 1948चा सप्टेंबर. आधी रझाकारांनी माजवलेली दहशत, मग पोलीस ॲक्शन आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं ते. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, तेही त्यात भरडले गेले. दादा तेव्हा तरुण होते. कित्येक दिवस दार लावून बसले. ओसरी रिकामी, हुक्का आत उतरंडीमागं ठेवलेला. रोज बैठकीला येणाऱ्यांपैकी कुणी फिरकेना. काही भीतीनं, काही रागानं, काही शरमेनं.

एका संध्याकाळी शेजारच्या वाड्यातले तात्या आले. ओसरीवर नेहमीच्या जागी बसले आणि आतल्या अंगाला तोंड करून म्हणाले, ‘भाई, चिलीम भरा की. का आता आमचं हुक्का-पाणी बंद केलं?’

दादांनी दार उघडलं. दादींनी विस्तव दिला. दोघं मगरीबपर्यंत बसले. दादी म्हणायच्या, ‘बात कुछ भी नै हुई. बस चिलम इधर से उधर.’ दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. झालेलं त्यानं भरून निघालं नाही, गेलेली माणसं परत आली नाहीत. पण आमचं घर गावात राहिलं. हैदराबादला निघून जायचं ठरत होतं, ते मागं पडलं.

माझ्या शौकाची मुळं इथं आहेत. तरीही एक गोष्ट सरळ लिहितो. त्याच हुक्क्यानं दादांची छाती पोखरली. शेवटची चार वर्षं ते रात्री उशीला टेकून बसून काढायचे, आडवं झालं की दम लागायचा. हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून निर्धोक, हा समज चुकीचा आहे. पाण्यानं धूर गार होतो, विष गाळलं जात नाही. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड तर वरून मिळतो. म्हणून मी संग्रहातली एकही चिलीम पेटवत नाही. कुणी पोरगा बघायला आला आणि ‘एकदा ओढून बघू का’ म्हणाला, तर नाही म्हणतो.

मात्र चिलीम गेली म्हणून तंबाखू गेली, असं झालेलं नाही. ती खिशात गेली. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, पण पुडी कुठं मिळते हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माझ्या एका चुलतभावाचं वय तीस. त्याच्या तोंडात आता दोन बोटंही शिरत नाहीत. दस्तरखानावर सगळे बिर्याणी खात असतात आणि तो खिचडी पातळ करून घेतो. तो पुडी एकट्यानंच खायचा, दुकानामागं, गाडीवर, रात्री अंथरुणात. कुणाच्या नजरेस पडली नाही, म्हणून कुणी टोकलंही नाही. दादांच्या बैठकीत निदान दादी ओरडायच्या, तात्या म्हणायचे, ‘भाई, आज खोकला जास्त आहे, बस करा.’ शहरांत हुक्का पार्लर निघाली, ती कमला मिलच्या आगीनंतर 2018 साली कायद्यानं बंद झाली. बरं झालं. तिथं हुक्का होता, पण समोर बसलेल्याची विचारपूस करणारं कुणी नव्हतं.

कुणाला हा छंद लावून घ्यायचा असेल तर भंगारवाल्यांशी ओळख ठेवा. पितळ वितळायच्या आधी बघायला मिळतं. काळं पडलेलं भांडं दिसलं तर घासू नका, चिंच-मीठ तर अजिबात नको, बिदरी असेल तर काळा थर निघून जातो. कुंभारांकडून मातीच्या चिलमी आताच घेऊन ठेवा, फार जण बनवत नाहीत. आणि वस्तू कुणाच्या घरातली, तिथं कोण कोण बसायचं, हे विचारून लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा बावीस बैठका आहेत. त्यातल्या बहुतेकांत दोन्ही समाजांची नावं आहेत. काहींत मुद्दाम वगळलेल्यांचीही आहेत, ती त्यांच्याच नातवंडांनी सांगितली.

तात्यांचा नातू बीडला असतो. निवडणुका जवळ आल्या की आमच्या दोघांच्या फोनवर येणारे मेसेज वेगवेगळे असतात, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. मागच्या वर्षी गावात तणाव होता, तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, ‘भाई, उद्या येतोय. चहा टाकायला सांगा भाभींना.’ तो आला, दोन तास बसला. आम्ही पावसाचं बोललो, सोयाबीनच्या भावाचं बोललो. जाताना बाजूच्या वाड्यातल्या दोघांना ‘चला, भाईंकडं चहा झालाय’ असं सांगून गेला, आणि ते दोघंही थोड्या वेळानं आले.