भिंतीवरील पाच चित्रे

आमचा नातू सात वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. ‘ऊठ, दात घास, दूध पी’ असे आम्ही दहादा सांगावे आणि त्याने कानांवर हात ठेवून ओरडावे, हा घरचा नित्यपाठ होता. शेजारी सूनबाईच्या लाडांस बोल लावीत. आम्ही ते निमूटपणे ऐकत असू.

असा दोष एके काळी मोठमोठे मानसरोगतज्ज्ञही आईबापांच्या माथी मारीत. एरिक शॉप्लर यांनी तो अमान्य केला व आईबापांसच शिक्षणात सहकारी केले. त्यांची ‘टीच’ योजना १९७२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर सुरू झाली. तिचे मर्म साधे आहे. बोललेला शब्द विरून जातो, चित्र डोळ्यांपुढे राहते. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांनी मांडावा. काम किती आहे व कोठे संपते, हे मुलास दिसावे.

आम्ही भिंतीवर पाच चित्रे लावली. काम झाले की चित्र डब्यात टाकावयाचे. कित्येक दिवस काहीच घडले नाही. मग एका सकाळी त्याने दुधाचे चित्र आणून आमच्या हातात ठेवले. दूध द्यावयास आम्हीच विसरलो होतो.

त्या दिवशी सूनबाईस आम्ही म्हणालो, “मुली, चूक आमची होती.”