अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की बोलणाऱ्याने ते अंगण एकदा तरी पाहिले आहे काय, असे कोणी विचारीत नाही. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाने ‘टीव्ही उशिरा चालतो’ अशी तक्रार केली, की वडीलधाऱ्यांच्या ओठांवर हीच म्हण येते. दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या बाबतीत मात्र अंगण पुष्कळदा खरेच वाकडे असते. ते किती वाकडे आहे, हे घरबसल्या मोजताही येते.

इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याच्या एकत्र कुटुंबात हा प्रसंग घडला. चौदा वर्षांचा नातू कन्सोलवर क्रिकेटचा खेळ खेळत असे. मित्राच्या घरी तो शतके ठोकी आणि स्वतःच्या घरी दुसऱ्याच षटकात त्रिफळाचीत होई. ‘मी बटण वेळेवर दाबतो, पण बॅट उशिरा फिरते,’ असे तो सांगे. वडिलांना त्यात नव्या, महागड्या टीव्हीच्या मागणीचा वास आला आणि त्यांनी म्हणीवर विषय संपविला. मुलगा गप्प झाला. पुढे मित्र घरी आले तरी तो कन्सोल बाहेर काढीनासा झाला. आपलाच हात मंद आहे, अशी त्याची समजूत होऊ लागली होती.

घरात सर्वजण ज्यांना अण्णा म्हणतात, त्या आजोबांच्या हे लक्षात आले. पन्नास वर्षे सुताचा व्यवहार केलेल्या माणसाचा एक नेम होता. सूत तुटते अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, तर ‘तुमचा मागच बिघडला असेल’ असे ते कधी म्हणाले नाहीत. आधी लडी मोजायची, काट्यावर घालायची आणि मग बोलायचे. तोच नेम त्यांनी नातवाला लावला. ते मुलाला एवढेच म्हणाले, ‘पोरगं खोटं बोलतंय असं तू ठरवलंस. मोजलंस का?’

मोजण्याची युक्ती नातवानेच काढली. मोबाइलच्या कॅमेऱ्यात संथ गतीने चित्रण करण्याची सोय असते आणि ती बहुधा सेकंदाला २४० चित्रे टिपते. बटणावरचा अंगठा आणि पडद्यावरचा फलंदाज एकाच चौकटीत घेऊन नातवाने चित्रण केले. अंगठा दाबला गेल्यापासून बॅट हलेपर्यंतची चित्रे अण्णांनी चष्मा लावून एकेक करून मोजली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा प्रकार ‘गेम मोड’ केला आणि पुन्हा मोजणी केली. दोन्ही मोजण्यांत सुमारे वीस चित्रांचा फरक निघाला. वीस चित्रे म्हणजे सेकंदाचा बारावा भाग.

सेकंदाचा बारावा भाग हा व्यवहारात शून्यच. पण क्रिकेटमध्ये तो शून्य नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू तेवढ्या वेळात सव्वातीन मीटर पुढे येतो. फलंदाजाला चेंडू पाहून निर्णय घेण्यासाठी मिळणारा सारा अवधी अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. त्यातला सहावा हिस्सा पडदाच खात असेल, तर दोष हाताचा कसा? वडिलांनी आकडा ऐकला, पुन्हा एकदा मोजायला लावला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरात टीव्ही बदलला नाही. बदलले ते एक सेटिंग, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

हा उशीर येतो कोठून? आजचा टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवीत नाही. तो ते थोडा वेळ थोपवून धरतो, रंग गडद करतो, कडा ठळक करतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतो आणि मग पडद्यावर पाठवितो. मालिका किंवा चित्रपट पाहणाऱ्याला या थांबण्याचा पत्ताही लागत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळणाऱ्याचे बोट मात्र कोणाला मागे ठेवता येत नाही. गेम मोड या संस्कारांपैकी बहुतेकांना रजा देतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत ही अडचण नव्हती. संकेत येताच पडदा उजळत असे. त्या तत्परतेवर विसंबून १९८४ मध्ये ‘डक हंट’ हा प्रकाश टिपणाऱ्या बंदुकीचा खेळ निघाला होता. तीच बंदूक आजच्या सपाट पडद्यासमोर धरली, तर ती निकामी ठरते.

गेम मोड लावल्यावर चित्र थोडे फिके वाटते, म्हणून अनेकजण तो लगेच काढून टाकतात. पण फिके वाटणे ही बरीचशी सवयीची बाब आहे. दुकानातील टीव्ही लखलखीत दिव्यांखाली, शेजारच्या दहा संचांशी स्पर्धा करीत उभा असतो. म्हणून त्याचे रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. तोच भडकपणा घरी चालू राहिला, की डोळ्यांना तो खरा वाटू लागतो. कडा ठळक करणारी ‘शार्पनेस’ची पट्टी खाली आणावी, रंगाची छटा ‘वॉर्म’कडे न्यावी आणि चित्राच्या कडा कापल्या जाणार नाहीत असा आकार निवडावा. चार-आठ दिवसांत डोळा स्थिरावतो. हालचाल गुळगुळीत करण्याची सोय तर चित्रपटांनाही मारक ठरते. २०१८ च्या डिसेंबरात अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्टोफर मॅकक्वारी यांनी चित्रफितीद्वारे प्रेक्षकांना हेच आवाहन केले होते, की घरच्या टीव्हीवरची ही सोय बंद करा.

एकत्र कुटुंबात यापुढचा प्रश्न उभा राहतो. नातवाने आपल्या सोयीचे सेटिंग केले, की आजीची मालिका फिकी दिसते. आजीने पूर्ववत केले, की नातू पुन्हा बाद होतो. यावर उपाय बहुतेक संचांतच असतो. पुष्कळ टीव्ही प्रत्येक जोडणीचे सेटिंग वेगळे लक्षात ठेवतात. कन्सोल ज्या खाचेत जोडला आहे, तिच्यावर गेम मोड. सेट टॉप बॉक्सच्या खाचेवर आजीचा नेहमीचा प्रकार. नव्या संचांत तर कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो. एका पडद्यापुढे तीन पिढ्या बसतात, तेव्हा प्रत्येकाला आपापली खाच मिळाली की वाद उरत नाही.

वर्षभराने तो जुना संच खरोखरच बंद पडला आणि नव्या खरेदीचा विषय निघाला. दुकानात पहिला आकडा पुढे आला तो हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो त्याचा. एका संचावर साठ, दुसऱ्यावर एकशेवीस, तिसऱ्याच्या डब्यावर त्याहूनही मोठा आकडा. अण्णांना सुताचा काउंट आठवला. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तितका त्या सुताचा काउंट. आकडा वाढला की सूत बारीक होते. पण बारीक सूत म्हणजे चांगले सूत नव्हे. मलमलीला बारीक लागते, टॉवेलाला जाड. आकड्याला अर्थ येतो तो कापडामुळे.

हर्ट्झचेही तसेच आहे. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, एकशेवीसच्या पडद्यावर ८.३. २०२० च्या नोव्हेंबरात बाजारात आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे कन्सोल १२० चित्रे पाठवू शकतात. परंतु बरेच खेळ तीस किंवा साठच पाठवितात. ज्याचे आवडते खेळ साठावर थांबतात, त्याने केवळ एकशेवीसच्या मोहाने पैसे मोजू नयेत. खेळाचा वेग सतत खालीवर होत असेल, तर पडद्याने आपला वेग त्याच्याशी जुळवून घेण्याची सोय, जिला व्हीआरआर म्हणतात, अधिक उपयोगी पडते. डब्यावरचे फार मोठे आकडे तर पुष्कळदा पडद्याच्या वेगाचे नसून मधल्या बनावट चित्रांच्या हिशेबाचे असतात. विचारायचे ते एवढेच : ‘मूळ पॅनेल किती हर्ट्झचे?’

दुसरा प्रश्न पडद्याच्या जातीचा. ओएलईडी आणि क्यूएलईडी ही नावे इंग्रजी अक्षरांत पाहिली, तर दोहोंत एका शेपटीचा फरक दिसतो. माल मात्र वेगळा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो आणि वेगवान हालचालीमागे शेपूट राहत नाही. क्यूएलईडी हा मुळात मागून प्रकाश टाकलेला एलसीडी पडदाच असतो. एलसीडीतही दोन मुख्य जाती. व्हीए पॅनेल समोरून पाहिल्यास गडद आणि भरदार दिसते, पण बाजूने रंग उडतो आणि अंधाऱ्या दृश्यांत हालचाल पुसट होते. आयपीएस बाजूनेही नीट दिसते, पण त्याचा काळा रंग राखेकडे झुकतो.

निव्वळ खेळासाठी ओएलईडी श्रेष्ठ, यात शंका नाही; नातवाचे मनही तिकडेच होते. पण अण्णांनी पडद्यापुढचा दिवस मांडून पाहिला. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, बाजार चालू असेपर्यंत, बैठकीत अर्थविषयक वाहिनी लागलेली असते आणि तळाशी शेअरच्या भावांची पट्टी त्याच जागी सरकत असते. खेळातला धावफलकही तासन्‌तास एका कोपऱ्यात स्थिर. ओएलईडीच्या पडद्यावर एकच आकृती महिनोन्‌महिने राहिली, तर तिचा ठसा कायमचा उमटू शकतो. नव्या संचांत त्यावर उपाय योजलेले असतात, त्यामुळे धोका कमी होतो. नाहीसा होत नाही. शिवाय बैठक पश्चिमेची, दुपारी ऊन थेट आत येते. मागचा प्रकाश ठिकठिकाणी स्वतंत्रपणे कमीजास्त करणारा, एकशेवीस हर्ट्झचा एलसीडी संच त्या बैठकीला योग्य ठरला. ‘मला काय हवं, एवढंच मी बघत होतो, अण्णा,’ असे नातू म्हणाला, तेव्हा अण्णा हसले.

पुण्यात असलेल्या लेकीला मात्र त्यांनी ओएलईडीच घ्यावयास सांगितले. तिच्या घरी टीव्ही लागतो तो रात्री, दिवे मंद असताना. भावांची पट्टी तेथे नाही, आणि तिची दोन्ही मुले अंधाऱ्या गुहांचे खेळ खेळतात. सल्ला देणारा एकच, पण घर बदलले तसा पडदा बदलला.

पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. ४के चित्र पूर्ण गुणवत्तेने सेकंदाला १२० वेळा वाहून नेण्यास एचडीएमआयच्या जुन्या २.० प्रकाराची १८ गिगाबिटची वाट अपुरी पडते, त्यासाठी २.१ ची ४८ गिगाबिटपर्यंतची वाट लागते. पण अनेक संचांत चारपैकी दोनच खाचा तशा असतात, आणि कित्येकदा त्यांतलीच एक साउंडबारच्या वाट्याला जाते. म्हणून डब्यावरील ‘२.१’ या आकड्यावर न थांबता, ‘४के १२०’ नेमके कोणत्या खाचेत चालते, हे विचारावे. दुसरे, तारेवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे प्रमाणपत्राचे लेबल आहे की नाही ते पाहावे. त्याहून महाग तारेने चित्र अधिक सुंदर होत नाही.

खेळावे किती, हा प्रश्न वेगळा आहे. त्या घरात त्याचे उत्तर पूर्वीचेच राहिले : अभ्यासानंतर एक तास, आणि जेवणाच्या वेळी पडदा बंद. नातवाने या नियमाविरुद्ध कधी कुरकुर केली नाही. आपली तक्रार एकदा काट्यावर घातली गेली, हे त्याला ठाऊक होते; आणि ज्याचे म्हणणे मोजून घेतले जाते, त्याला घरचा नियमही मापातलाच वाटतो.