कारणं मीच पुरवली

त्या जाहिरातीतली खोट दिसत नव्हती, असं मी म्हणणार नाही. ती दिसत होती. प्रत्येक शंकेचं निरसन मी स्वतःच करत गेलो, आणि पैसे गेले ते त्यामुळे.

मुलीला कॉलेजसाठी गिअरची सायकल हवी होती. नवी घेतली तर पंचवीस हजारांच्या आसपास जाणारी सायकल जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर साडेसात हजारांत दिसली. ठिकाण नागपूर. महिना मे. घरात कूलर रात्रंदिवस चालू, आणि फोटोत सायकल टेकवलेल्या भिंतीवर ओलं, हिरवंगार शेवाळ. मागे उभ्या स्कूटरचा नंबर ‘केए’पासून सुरू होणारा, म्हणजे गाडी कर्नाटकातली. आपल्याकडे एमएच ३१, ४९, फार तर ग्रामीणची ४०. हे दोन्ही मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. फोटो गेल्या पावसाळ्यातला असेल, माणूस बदलीच्या नोकरीतला असेल, अशी उत्तरं मी मनातल्या मनात देऊन टाकली.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलला. ‘एअरफोर्स में हूँ, वायुसेनानगर में पोस्टिंग है, जोधपूर ट्रान्सफर हो गया.’ ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो न मागता आला. मी येऊन बघतो म्हटलं, तर बाहेरच्यांना गेटवर सोडत नाहीत, सायकल पॅक करून ट्रान्सपोर्टनं घरपोच देतो, हे उत्तर तयार होतं. सैन्याबद्दल आपल्या मनात आदर असतो आणि वर्दीच्या माणसाला कागद मागणं जड जातं. सैनिक असल्याची बतावणी करून फसवण्याचा हा प्रकार देशभर वर्षानुवर्षं चालू आहे, तो याच आदराच्या जोरावर.

आधी थोडा ॲडव्हान्स गेला. मग ‘गेटपास’चे पैसे, जे परत मिळणार होते. ते परत घेण्यासाठी त्यानं क्यूआर कोड पाठवला. मी स्कॅन केला, पिन टाकला आणि खात्यातून आणखी रक्कम गेली. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. एकानं दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण आपण होऊन स्कॅन केलेला कोड कोण थांबवणार?

त्याहून मोठी चूक पुढची. लाजेपोटी मी रात्रभर कुणाला काही बोललो नाही. १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केला असता, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता होती. सकाळी तक्रार नोंदवली, तोवर ते काढून घेतलेले होते.

यानंतर मी सावध झालो, पण अर्धाच. पुढची सायकल प्रत्यक्ष बघून, चालवून घेतली, म्हणून निर्धास्त होतो. विकणारा मुलगा घरी बोलवेना, चौकातच भेटला. बिल हरवलं म्हणाला. सीट इतकी वर चढवलेली की त्याचे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते. फ्रेमवर लॉक अडकवायची पट्टी होती, लॉक नव्हतं. मोठ्या भावाची असेल, असं उत्तर पुन्हा मीच दिलं. ऑइलिंगसाठी नेली तेव्हा मिस्त्रीनं सायकल उलटी केली. दोन्ही पेडल ज्या नळीला जोडलेले असतात, तिच्या खाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तिथं कानशीनं घासलेला चकचकीत पट्टा होता. ‘साहेब, ही घरात ठेवू नका,’ एवढंच तो म्हणाला.

सायकलला आरसी बुक नसतं. हा नंबर आणि बिल हीच तिची ओळख. चोरीचा माल पैसे मोजून घेतला तरी मालकी मिळत नाही, आणि तो चोरीचा आहे असं मानायला सबळ कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली खरेदीदारावरही गुन्हा होऊ शकतो. मी सायकल पोलीस ठाण्यात नेऊन दिली. मुलीला कारण सांगताना फार जड गेलं. कुणाच्या तरी घरची सायकल नाहीशी झाली होती आणि त्या चोरीचे पैसे मी मोजले होते.

आता जुनी सायकल बघताना मी विकणाऱ्याकडे फ्रेम नंबरचा आणि बिलाचा फोटो मागतो आणि दोन्ही जुळवून बघतो. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर दुसरीकडे आहे का, ते तपासतो. सायकल दिवसाउजेडी, त्याच्या घरी जाऊन बघतो. हातात येण्याआधी एक रुपयाही देत नाही. आणि ‘असेल काहीतरी कारण’ असं मनात आलं की तिथंच थांबतो. ते कारण विकणाऱ्यानं सांगायचं असतं, कागदासह.

तुम्हीही घ्याल तेव्हा सायकल उलटी करून बघा. असं बघणारी गिऱ्हाइकं वाढली, तर कानस मारलेल्या सायकलला या शहरात कुणी विचारणार नाही.