मायेचा कारभार

आद्य ख्रिस्तसभेतले पहिले गाऱ्हाणे भाकरीविषयी होते. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात संत लूकने ते काहीही आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. येरुशलेमच्या त्या मंडळीत अरामी बोलणारे स्थानिक यहुदी होते, तसेच दूरदेशी राहून परतलेले ग्रीकभाषक यहुदीही होते. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीकभाषकांची तक्रार होती. कोणी हेतुपुरस्सर त्या विधवांना उपाशी ठेवत होते असे ग्रंथकार म्हणत नाही. जिथे मंडळी झपाट्याने वाढते तिथे ओळखीच्या घरी भाकर आपोआप पोहोचते आणि अनोळखी दार राहून जाते, हा जगाचा अनुभव आहे. तेथेही बहुधा तसेच घडले असावे.

प्रेषितांनी ह्या गाऱ्हाण्याला दिलेले उत्तर आपण सावकाश वाचण्याजोगे आहे. 'एकमेकांवर अधिक प्रीती करा' असा उपदेश करून त्यांनी सभा बरखास्त केली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि तुमच्यातूनच सात जण निवडा असे सांगितले. ते लोकांत नाव असलेले, पवित्र आत्म्याने व सुज्ञतेने भरलेले असावेत, एवढी अट घातली. लोकांनी निवडलेल्या सात जणांची नावे पाहावीत: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या, असे ह्यावरून अनेक अभ्यासक मानतात. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. भाकर वाटण्यासाठीही आत्म्याची आणि हात ठेवण्याची गरज असते, हे त्या दिवशी ख्रिस्तसभेने कायमचे ठरवून टाकले.

हा प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो, कारण आपल्या धर्मग्रामांत आज दोन खोल्या तयार झाल्या आहेत. एका खोलीत दया बसते. तेथे रुग्णभेटी, गरिबांना धान्य, संत विन्सेंट डी पॉल संस्थेची बैठक असते. दुसऱ्या खोलीत हिशोब बसतो. तेथे जमाखर्च, छपराची दुरुस्ती, मुदतठेवी आणि अंदाजपत्रक असते. एका खोलीत डोळे ओले होतात, दुसरीत कपाळाला आठ्या पडतात. ह्या दोन खोल्यांमधली भिंत शुभवर्तमानात कोठेही आढळत नाही.

आपल्या मराठी भाषेलाही ती भिंत मान्य नसावी. 'माया' हा आपला नित्याचा शब्द पाहा. आईची माया म्हणतो तेव्हा आपण वात्सल्याविषयी बोलतो. अमक्याने बरीच माया जमवली असे म्हणतो तेव्हा पैशाविषयी बोलतो. आणि शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड दुमडून ठेवतो, त्यालाही 'माया' असेच म्हणतात. मूल अंगाने भरले की ती माया उसवून झबले सैल करता येते. प्रेम, पैसा आणि दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा ह्या तिन्ही गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला. धर्मग्रामाचा कारभार कसा असावा हे सांगायला आम्हांला ह्याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

पवित्र शास्त्राचा कलही असाच आहे. जुन्या करारात देवाच्या करुणेसाठी जो हिब्रू शब्द येतो त्याचे नाते आईच्या उदराशी आहे. येशूला लोकसमुदाय पाहून कळवळा आला असे शुभवर्तमानकार लिहितात तेव्हा मूळ ग्रीक क्रियापद आतड्याशी संबंधित आहे. 'आतडे तुटले' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. संत लूकच्या दहाव्या अध्यायातल्या दयाळू शोमरोन्याचेही आतडे असेच तुटले. पण पुढे त्याने काय केले? जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे कबूल केले. प्रवचनांत हे दोन दिनार बहुधा राहून जातात. आपला प्रवास पुढे चालू राहणार आहे, हे त्या प्रवाशाला ठाऊक होते. म्हणून त्याने आपली माया दुसऱ्याच्या हाती सोपवली, तिच्यासाठी पैसे ठेवले आणि पुढच्या हिशोबाची जबाबदारीही घेतली.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनी हाच कित्ता गिरवला. येरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मोठी रक्कम संत पौलने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली. कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, हे त्यामागचे कारण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. इ. स. १५५च्या सुमारास संत जस्टिन रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो. ज्यांना शक्य आहे ते स्वेच्छेने देतात, ते दान उपासनेच्या प्रमुखाकडे ठेवले जाते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके ह्यांची काळजी घेतली जाते, असे तो लिहितो. इ. स. २५१मध्ये पोप कर्नेलियस ह्यांनी लिहिलेल्या एका पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेची गणती आहे: ४६ धर्मगुरू, ७ उपदीक्षित, आणि ख्रिस्तसभा जिचा सांभाळ करते अशी १५००हून अधिक विधवा व गरजू माणसे. ज्या यादीत धर्मगुरू मोजले त्याच यादीत विधवाही मोजल्या. छळाच्या त्या काळातही ही मोजणी चालू होती.

आपल्या काळात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या १९६५च्या आदेशपत्रात एक कठोर वाटणारी गोष्ट सांगितली. न्यायाने ज्याचे जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये आणि घेणाऱ्याचे स्वातंत्र्य व प्रतिष्ठा जपावी, असा तिचा आशय आहे. पुढे १९८३च्या धर्मकायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असणे बंधनकारक केले, कारभाऱ्याने चांगल्या कुटुंबप्रमुखासारखी दक्षता बाळगावी असे सांगितले आणि भाविकांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशोब भाविकांना द्यावा अशी तरतूद केली. कायद्याच्या ह्या रुक्ष कलमांत आम्हांला येरुशलेमच्या त्या विधवा दिसतात.

आम्ही सध्या वसईतल्या ज्या धर्मग्रामात सेवा करतो तेथे हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही. वसईच्या माणसाला एकत्र हिशोब ठेवणे नवे नाही. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने येथे उभ्या राहिलेल्या पतसंस्थेचीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. सावकाराच्या दारी उभे राहण्यापेक्षा शेजाऱ्याच्या चार आण्यांवर विश्वास ठेवावा, हा धडा आपल्या आजोबांनी गिरवला होता. पण आज गाव बदलले आहे. केळीच्या बागांना लागून इमारती उभ्या आहेत. जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबे आहेत. इमारतींत गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, मुंबईच्या चाळींतून आलेली कॅथलिक कुटुंबे आहेत. दोन्हीकडची तरुण मुले आखातात वा कॅनडात आहेत, आणि दोन्हीकडे मागे राहिलेले आईवडील सायंकाळी फोनची वाट पाहतात.

तीन वर्षांपूर्वी पाळकीय समितीच्या बैठकीत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी वाचली जात होती. एका इमारतीतल्या भगिनी उठून म्हणाल्या, "फादर, यादीतली सगळी नावं वाड्यांतली आहेत. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आजी आहेत. लिफ्ट बंद पडून चार महिने झाले. त्यांना ख्रिस्तप्रसाद तर सोडाच, तोंड बघायलाही कोणी नाही." सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग वाडीतले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आम्हांला त्या म्हातारीचं नावसुद्धा माहीत नाही हो." त्यांच्या स्वरात राग नव्हता. माहीत नसलेल्या माणसाविषयी माया कशी वाटावी, हाच त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक होता.

त्याच महिन्यात अर्थ समितीपुढे सभागृहाच्या छपराचे अंदाजपत्रक होते. पत्रे जुने झाले होते, पावसात दोन ठिकाणी गळत होते आणि सभागृहात लग्नसमारंभ होत असल्याने उत्पन्नाचाही प्रश्न होता. दुसरीकडे घरोघर जाऊन रुग्णांना पाहणारी परिचारिका नेमावी, अशी सूचना आली होती. पैसा एकाच कामापुरता होता. आम्ही हा निर्णय समूहांच्या बैठकांत पाठवला. पाच आठवडे चर्चा चालली आणि ती नेहमीच गोड होती असे नाही. छपराच्या बाजूचे लोक कठोर मनाचे नव्हते. सभागृह पडले तर पुढे कोणालाच काही देता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. शेवटी छपराची केवळ डागडुजी करावी, परिचारिकेला आठवड्यातून तीन दिवस नेमावे आणि तिच्या कामाची आखणी चार जणांकडे द्यावी असे ठरले. त्या चौघांपैकी तिघे इमारतींतले निवडले गेले. येरुशलेमची ती सात नावे कोणीतरी बैठकीत वाचून दाखवली होती.

कामास सुरुवात झाल्यावर एक अडचण आली. हिशोब उघडा असावा हे खरे, पण औषधाचे पैसे कोणाला दिले हे मंदिराच्या फलकावर लागले तर स्वाभिमानी माणूस औषधाविना राहणे पसंत करील. डाव्या हाताला कळू देऊ नका असे प्रभू सांगतो, आणि धर्मकायदा तर हिशोब द्या म्हणतो. चौघांनी त्यावर साधा तोडगा काढला. दर तीन महिन्यांनी आकडे फलकावर लागतात. किती घरी भेटी झाल्या, औषधांवर किती खर्च झाला, शिल्लक किती, सर्व काही. नावे मात्र एका वहीत राहतात आणि वही चौघांपैकी दोघांच्या समक्षच उघडली जाते. रक्कम काढायला दोन सह्या लागतात. आकडा उघडा आणि नाव झाकलेले, अशी ही रीत आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. चौथ्या मजल्यावरच्या त्या आजींना चालता येत नाही, पण बोलता उत्तम येते. परिचारिकेनेच त्यांना सुचवले आणि आता रोज सायंकाळी त्या सहा घरी फोन करतात. औषध घेतले का, जेवला का, मुलाचा फोन आला का, एवढीच विचारपूस असते. त्यांची औषधे ह्याच निधीतून येतात. त्यांना देणाऱ्यांत मोजावे की घेणाऱ्यांत, हे आमच्या जमाखर्चात कोठेही लिहिता येत नाही. सामायिक कारभार म्हणतात तो बहुधा असाच असतो.

सर्व काही सुरळीत आहे असे आम्ही म्हणणार नाही. सभागृहाचा उत्तरेकडचा कोपरा यंदाही पावसात गळला. एका लग्नात पाहुण्यांच्या पंगतीत बादली ठेवावी लागली आणि त्यावरून टीका झाली. छपरासाठी वेगळी वर्गणी सुरू आहे व ती मंदगतीने जमते आहे. कोमलतेला किंमत मोजावी लागते आणि ती कोणाच्या तरी खुर्चीवर थेंबाथेंबाने पडते. पोप फ्रान्सिस ह्यांनी १९ मार्च २०१३ रोजी, आपल्या सेवाकार्याच्या आरंभीच्या मिस्सात, संत योसेफाकडे बोट दाखवून कोमलतेची भीती बाळगू नका असा संदेश दिला होता. योसेफ हा सुतार होता. घर सांभाळणे म्हणजे त्याचा खर्च, त्याची डागडुजी आणि त्यातल्या माणसांची झोप, हे तिन्ही त्याला ठाऊक असणार.

आम्हां धर्मगुरूंच्या बदल्या होतात. पूर्वी अनेक ठिकाणी गरिबांची काळजी प्रमुख धर्मगुरूंच्या खिशातून आणि स्मरणातून चाले. फादर मायाळू असले तर विधवेला औषध मिळे. त्यांची बदली झाली की तिला नव्या फादरांना सारे पुन्हा सांगावे लागे, आणि पुष्कळ जणींना ते जमत नसे. ख्रिस्ताची माया एका माणसाच्या स्वभावावर आणि त्याच्या नेमणुकीच्या मुदतीवर अवलंबून राहू नये, म्हणून ती वाटून घ्यायची असते. पुढच्या वर्षी आमचीही बदली अपेक्षित आहे. वही येथेच राहील. परवा चौघांपैकी दोघींनी ती आमच्यापुढे सहीसाठी उघडली. शेवटच्या पानावर तीन नवी नावे होती. त्यांतल्या एकाही माणसाला आम्ही ओळखत नाही. परिचारिका मात्र त्यांच्याकडे दोनदा जाऊन आली आहे.