एका वहीत दोघी

आमची वही फुलस्केप, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. दर आठवड्याला ती एका घरून दुसऱ्या घरी जायची, बहुतेकदा भाजीच्या पिशवीतून. तालुक्याच्या साप्ताहिकात आमचं दोघींचं मिळून एक सदर होतं. एक आठवडा तिचा, एक माझा. सदराचं नाव एकच आणि खाली सही कुणाचीच नाही, ही संपादकांची हौस.

ती म्हणजे एक घाव दोन तुकडे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत लेख लिहून मोकळी. पानाच्या एकाच बाजूला लिहायची (कागदाची ही उधळपट्टी मला सोसत नसे) आणि पूर्णविराम इतका दाबून द्यायची, की पान उलटलं की तो बोटाला लागायचा. मी शुक्रवारी बसले तर बुधवारी पहिल्याच परिच्छेदात. पावसावर लिहायचं तर माझ्याकडे आधी ढग यायचे, मग मातीचा वास, मग आजी, आणि पाऊस कधीतरी शेवटून दुसऱ्या ओळीत. वाचून ती म्हणायची, "अगं, छत्री कधी उघडणार?"

'जणू' या शब्दावर तिचा भारी राग. शिसपेन्सिलीने ती प्रत्येक 'जणू'भोवती गोल काढायची. खोडायची मात्र नाही, ते काम माझं. एकदा एका लेखात सात गोल निघाले. मी चिडले आणि तिच्या पुढच्या लेखाच्या समासात लिहिलं, "यात माणूस कुठे आहे?" लेख बाजारातल्या पाणपोईवर होता. माठ किती, पाणी कोण भरतं, पेल्याला साखळी का, सगळं होतं. पाणी पिणारं कुणी नव्हतं. ती काही बोलली नाही. छापून आलं तेव्हा लेखात एक हमाल होता, ओंजळीने पाणी पिणारा. तो इतका उंच, की साखळी त्याच्या तोंडापर्यंत पुरत नव्हती. तो हमाल मला माझ्या सगळ्या ढगांपेक्षा आवडतो, आजही.

अशा वेळी मला टिळक-आगरकर आठवायचे. (आपल्या चिमुकल्या गोष्टीला मोठी नावं जोडायची खोड! तिने इथेही गोल काढला असता.) दोघंही १८५६ च्या जुलैतले. १८८१ साली निघालेला 'केसरी' दोघांचा, संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात दोघं डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस. तिथे रात्री त्यांचे वाद इतके चढत, की शिपायाला येऊन दटावावं लागे. आगरकरांनी ते लिहून ठेवलंय. ती कोठडी मला फार हवीहवीशी वाटते, तुरुंग असूनही. बाहेर आल्यावर मात्र आधी राजकीय हक्क की आधी समाजसुधारणा, यावर एक पान दोघांना पुरेना. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. मग भांडण दोन पत्रांतून, सगळ्या गावासमोर. शेजारी बसून समासात विचारलेला प्रश्न वेगळा आणि गल्लीपलीकडून हाळी देऊन विचारलेला वेगळा. १८९५ साली आगरकर गेले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. एरवी झपाट्याने लिहिणाऱ्या टिळकांना तो मृत्युलेख पुरा करायला तासन्‌तास लागले, असं सांगतात.

आमचं काही बिनसलं नाही. तिच्या नवऱ्याची बदली झाली, इतकंच. वही माझ्याकडे राहिली आणि सदरही. पहिल्या आठवड्यात मी मनसोक्त ढग आणले. सहाशे शब्दांच्या जागेत नऊशे पाठवले, संपादकांनीही तक्रार न करता अक्षर बारीक करून सगळे छापले. लोक रस्त्यात भेटून 'छान' म्हणाले. छत्रीचं कुणीच विचारलं नाही.

परवा वहीतली कोरी पानं संपली. नवी आणायचा कंटाळा, म्हणून तिच्या पाणपोईच्या लेखाच्या पाठीवर लिहायला घेतलं. पेन सारखं अडखळत होतं. तिच्या पूर्णविरामांचे उंचवटे अजून तसेच आहेत. अशाच एका उंचवट्याला वळसा घालताना 'जणू' उमटला. मी थांबले, आणि शिसपेन्सिल कुठे ठेवली आहे ते शोधायला उठले.