आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

आमच्या घरात पहाट उजाडते ती पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांनी. माझे वडील, ज्यांना घरातले सारेच ‘नाना’ म्हणतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले. शब्दांवर त्यांचे अतोनात प्रेम. तरीही गेली दोन वर्षे याच अभंगांवरून आमच्या घरात रोज कुरबूर होत होती, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

नाना आवाज वाढवीत, माझी पत्नी तो हळूच कमी करी, आणि ती स्वयंपाकघरात गेली की नाना तो पुन्हा वाढवीत. खालच्या मजल्यावरून एकदोनदा निरोपही आला. एका संध्याकाळी मी दवाखान्यातून थकून आलो आणि बोलून गेलो, “नाना, तुम्हांला ऐकू येत नाही, त्याची शिक्षा साऱ्या इमारतीला कशाला?”

त्यांनी उठून यंत्र बंद केले. पुढचे आठ दिवस घरात गाणे लागले नाही. जेवताना ते मान खाली घालून जेवत; काही विचारले तर “हं” एवढेच उत्तर. रुग्णांच्या नातेवाइकांना ‘वृद्धांशी संयमाने वागा’ असे सांगणारा मी, स्वतःच्या घरात नापास झालो होतो.

उतारवयात दोन्ही कानांची श्रवणशक्ती हळूहळू कमी होते, हे मला अर्थातच ठाऊक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीनंतरच्या 25 टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा यावा इतपत कमी ऐकू येते. या बहिरेपणाची एक खोड असते. तो सर्व आवाज सारखे कमी करीत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वरांचा भार बहुतेक 1000 हर्ट्झच्या खाली असतो; स, श, च, ट, त यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी 2000 हर्ट्झच्या वर असते. म्हणून वृद्ध माणूस म्हणतो, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.” ‘पाच’, ‘सात’ आणि ‘आठ’ या तिन्हींतला ‘आ’ त्याला ऐकू येतो; त्याच्या आजूबाजूचे व्यंजन निसटते. औषध पाचला घ्यायचे की सातला, हा घोटाळा माझ्या दवाखान्यात नेहमी होतो.

हे सारे ज्ञान असूनही मी उपाय एकच सुचवीत होतो : श्रवणयंत्र. ते आणलेही होते. चार दिवस लावून नानांनी ते कपाटात ठेवले. “यात नुसती भांडी वाजतात,” असे त्यांचे मत.

नवव्या दिवशी मीच ओशाळून अभंग लावला. नाना खुर्चीत येऊन बसले. मी उभा होतो तो प्लायवूडच्या शोकेसजवळ. त्याच्या दोन टोकांना दोन स्पीकर ठेवलेले होते आणि आत काचेची भांडी, मुलांची पदके, जुने टाळ असा पसारा होता. सहज माझा तळवा शोकेसच्या बाजूवर टेकला, आणि मी चमकलो. रुग्णाच्या छातीवर हात ठेवून आम्ही त्याला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगतो आणि हाताला होणाऱ्या कंपावरून फुप्फुसाचा अंदाज घेतो. तसाच कंप मला त्या लाकडात जाणवत होता. पखवाजाच्या प्रत्येक थापेबरोबर सारी शोकेस गुणगुणत होती.

मी मिरजेचा. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांच्या दुकानांवरून रोज जाणारा. तंबोऱ्याला भोपळा कशासाठी लावतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. तारेचा क्षीण नाद पोकळ भोपळा आणि त्यावरची तबली उचलून घेतात व भरदार करतात. वाद्यात ते हवेच असते. पण आमच्या घरी शोकेस हाच स्पीकरचा बिनबोलावलेला भोपळा झाली होती. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा त्याच्या पेटीला मागे धक्का बसतो. तो धक्का खालच्या पोकळ फळीत उतरतो आणि ती रुंद फळी स्वतःच वाजू लागते. मूळ गाण्यात नसलेली घुमघुम त्यात मिसळते, तीही विशेषतः खालच्या पट्टीत.

इथेच वैद्यकाचा धागा जुळतो. खालच्या पट्टीचा जोरदार आवाज वरच्या पट्टीच्या सूक्ष्म आवाजांना झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा स्वभाव आहे. तरुण कान त्यातूनही शब्द वेचून काढतो. नानांच्या कानांत वरची पट्टी आधीच क्षीण. तिच्यावर शोकेसच्या घुमघुमीचे पांघरूण. शब्द कळावेत म्हणून ते आवाज वाढवीत. त्याबरोबर घुमघुमही वाढे, आणि शब्द जिथल्या तिथे बुडालेले राहत.

उपाय शोधताना कळले की, संगीताचे शौकीन स्पीकरखाली कंप अडवणारे चौथरे ठेवतात. बाजारात ते फार महाग आहेत. आमच्या साध्या स्पीकरना तो थाट शोभला नसता. तत्त्व मात्र सोपे आहे : वर वजनदार फळी, तिच्याखाली दबून पुन्हा फुगणारा मऊ आधार. मोटारीच्या स्प्रिंगसारखाच हा प्रकार. रस्त्याचा खड्डा बसणाऱ्यापर्यंत पोहोचू नये, तसा पेटीचा धक्का लाकडापर्यंत पोहोचू नये.

फरशीवाल्याकडून मी कडप्पा दगडाचे दोन तुकडे कापून आणले. पहिल्या प्रयत्नात त्यांच्याखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड ठेवले आणि फसलो. ते रबर जड यंत्रासाठी बनवलेले. आमच्या हलक्या वजनाने ते दबलेच नाही, आणि जे दबत नाही ते कंप अडवत नाही. मग वजनाला साजेसे, मऊ रबराचे अर्धगोल मागवले. चार चार अर्धगोलांवर दगड, दगडावर स्पीकर. दोन्ही स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढेही ओढले, कारण भिंत आणि कोपरेसुद्धा खालची पट्टी फुगवतात.

पुन्हा तळवा टेकला. शोकेस जवळपास शांत होती.

आता मला फरक ऐकू येऊ लागला. पण डॉक्टर म्हणून माझा माझ्यावर विश्वास नव्हता. नव्या गोळीने बरे वाटते, त्यातला काही वाटा अपेक्षेचा असतो. म्हणून सहा दिवस आम्ही एक खेळ केला. पत्नी नाणे उडवी. त्यानुसार स्पीकर कधी चौथऱ्यावर, कधी थेट फळीवर. नाना पाठमोरे, आवाजाची खूण तीच. सहापैकी पाच दिवस त्यांनी अचूक ओळखले. हा काही पुरावा नव्हे. नुसत्या नशिबानेही नवातून एकदा असे जुळून येईल. मला अधिक पटले ते निराळेच. पुढच्या आठवड्यात नानांनी आवाजाचे बटण कोणी न सांगता पाव फेरा खाली आणले. खालच्या मजल्यावरून पुन्हा निरोप आला नाही.

त्या सकाळी ते म्हणाले, “म्हणजे सगळा दोष माझ्या कानांचा नव्हता तर!”

या वाक्यात तक्रार नव्हती, सुटका होती. दोन वर्षे आम्ही साऱ्यांनी मिळून त्यांना अपराधी ठरवले होते. तो शिक्का पुसला गेला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी श्रवणचाचणीला चला असे म्हटल्यावर ते निमूटपणे निघाले. आलेख अपेक्षेप्रमाणेच होता : 1000 हर्ट्झपर्यंत बरा, 2000 नंतर दोन्ही कानांत उतरता. तज्ज्ञांनी श्रवणयंत्राची जुळणी तीन भेटींत पुन्हा करून दिली. ‘भांडी वाजणे’ पुष्कळ कमी झाले. आता ते यंत्र कपाटात नसते.

वाचकहो, चौथरा हा बहिरेपणावरचा उपचार नाही, हे स्पष्ट सांगतो. तुमचे स्पीकर जड दगडी फरशीवर किंवा भक्कम स्टँडवर असतील, तर फरक जाणवणारही नाही. आधी विनाखर्चाची परीक्षा करा : गाणे चालू असताना स्पीकरखालच्या टेबलावर तळवा ठेवा. थरथर लागली, तर जागा बदलून पाहा, भिंतीपासून पुढे घ्या, आजूबाजूची खुळखुळणारी भांडी हलवा, यंत्रावर ‘बेस’ कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा. टीव्हीलाही हेच लागू आहे. घरात वृद्ध असताना उंच, डुगडुगणारे स्पीकर मऊ आधारावर ठेवू नका. आधारासाठी हात टेकला तर ते अंगावर येतील. वायरी वाटेत सोडू नका.

आणि कानांची तपासणी टाळू नका. कधी कधी नुसता मळ निघाल्याने काम होते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. 2024 साली ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे 14 धोके सांगितले, त्यांत श्रवणऱ्हास आहे. ज्याला ऐकू येत नाही तो संवादातून माघार घेतो, आणि ती माघार मला आलेखातल्या रेषेपेक्षा अधिक भिववते.

परवा जेवताना मी सवयीने नानांच्या कानाशी ओरडून काही सांगू लागलो. त्यांनी हात वर केला, वर्गात गोंगाट झाल्यावर करीत असत तसा.

“अरे, ओरडू नकोस. समोर बैस आणि सावकाश बोल.”

मी पंखा बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगितले.