राखणीची बंदूक

मालवणला जाणारा प्रवासी बहुधा तीन गोष्टींवर खूष होऊन परततो : सिंधुदुर्ग किल्ला, समुद्र आणि ताटातली सुरमई. मीही त्याच बेताने गेलो होतो. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो किल्ला होडीतून जाऊन पाहिला, तटावरून फिरलो आणि तिसऱ्या प्रहरी एस. टी. धरून आतल्या एका खेड्यात स्नेह्यांच्या घरी मुक्कामाला गेलो.

दिवस दिवाळीचे. आपण शहरात फराळाच्या गडबडीत असतो, तेव्हा इथे भात पिवळे होऊन उभे असते आणि रात्री त्यावर रानडुकरांची धाड येते. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी! म्हणून शेतावर राखणीची जागरणे. माजघरात खुंटीला ठासणीची बंदूक टांगलेली होती. नळीत दारू, मग चिंध्या, मग छर्रे, सारे सळईने ठासायचे, हे घरातल्या आजोबांनी मला हौसेने समजावले. परवाना शेतीसंरक्षणाचा, १९५९च्या शस्त्र कायद्यातच तशी तरतूद आहे. खाली नातवंडे टिकल्यांच्या पिस्तुलाने एकमेकांना ‘मारीत’ होती.

“आजोबा, असल्या बंदुकीने माणूस दगावतो का हो कधी?” मी विचारले.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काळोखात हलता ता सगळा डुकरच दिसता, सायबानू.”

कोकणातली वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. राखणीची बंदूक शिकारीला निघते. काहीजण रान उठवतात, काहीजण दबा धरून बसतात. एखादा जागा सोडून उठतो, झुडूप हलते, बार होतो आणि किंकाळी ऐकू येते ती सोबत्याची! १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा. म्हणून सोबती घाबरतात, काय सांगावे याची खलबते करतात. तोवर रक्त वाहतच असते आणि इस्पितळ दूर असते.

अशा मरणाला आपण अपघात म्हणतो, नाहीतर नशीब. पण हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ सालीच ठरावाने सांगितले. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती, मूळ घराणे कर्नाटकातले, यांनी २०२४ साली बंदुकीबद्दल तेच बजावले. तिथे २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांवर माणसे गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या! म्हणजे घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्याच उदास माणसाच्या हाताला आधी लागते.

हिवतापात डॉक्टर नुसता रोगी पाहत नाही, डबकेही बुजवायला लावतो. इथले डबके म्हणजे खुंटीवरची उघडी बंदूक. ती कुलपात हवी, दारू-छर्रे निराळ्या जागी हवेत. शिकार नकोच. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे रीतसर मागावी. आणि कुणाला छर्रे लागलेच, तर जखम घट्ट दाबून धरून आधी इस्पितळ गाठावे. जबाब मागाहून देता येतो.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांचे गाव कोकणात आहे. पुढच्या खेपेला तिकडे जाल, तेव्हा आंब्या-काजूची चौकशी कराच. पण घरात बंदूक असेल, तर तिची किल्ली कुणाकडे असते, हेही विचारा.